प्रगत आज्ञा आणि एक उलटी रेघ

१० फेब्रुवारी, सोमवार

लोकशाहीवर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त तिने मॅन्युअल लिहायला बसू नये.

ही डायरी पुढे कोणी वाचली तर त्याला संदर्भ लागावा म्हणून लिहितो. मी हेमराज बैसाणे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त, मुक्काम उधना, सुरत. 'पानवेल'च्या मराठी मॅन्युअलचा संस्थापक. पनवेल नव्हे, पानवेल. हे मला दर वेळी सांगावं लागतं. पानवेल म्हणजे पुस्तकाची पानं जुळवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. आपण साधा मजकूर लिहायचा आणि जिथे काही करून हवं असेल तिथे उलटी तिरकी रेघ मारून आज्ञा सोडायची. \तळटीप म्हटलं की टीप गुमान पानाच्या तळाशी जाऊन बसते. उभ्या नोकरीत माझं इतकं कोणी ऐकलं नाही.

मॅन्युअल अशा संकेतस्थळावर आहे की कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडावं. पहिले अध्याय ठीक झाले. 'प्रगत आज्ञा' या अध्यायाचा मात्र उकिरडा झाला आहे. ज्याला जी आज्ञा कळली नाही, तिला त्याने प्रगत म्हटलं आणि इथे आणून टाकलं. पान उभ्याचं आडवं करण्याची आज्ञा कोणाच्या तरी पाककृतीच्या उदाहरणाखाली सापडली.

आज मी जाहीर केलं की हा अध्याय मी स्वतः लावणार. धुळ्याच्या हिलाल सरांनी लगेच 'योग्य निर्णय' असं लिहिलं. हिलाल सर चांगले आहेत. माझ्या प्रत्येक निर्णयाला ते योग्य म्हणतात. पुण्याच्या लखनने अंगठा पाठवला. तो पोरगा कंपनीत प्रोग्रामर आहे, अक्षरं टाइप करायला त्याला जड जातं.

पद्धत माझी ठरलेली आहे. वर्णक्रम. अ पासून ज्ञ पर्यंत. पार्सल कोणाचंही असो, नावाच्या अक्षराखाली सापडतं.

१३ फेब्रुवारी

सगळ्या आज्ञा वर्णक्रमाने लावून झाल्या. अध्याय आता बराकीसारखा दिसतो. जेवताना घरी सांगितलं. मीराबाईंनी, म्हणजे आमच्या सौ.नी, वरण वाढलं. मुलगा अक्षय मोबाइलमध्ये होता. दीप्ती, आमची सून, म्हणाली, "पप्पा, रकाने पाडायची आज्ञा \बहुरकाने म्हणून 'ब'मध्ये शोधायची हे कोणाला कसं कळणार?"

मी म्हटलं, "बेटा, तू आधी कुकरच्या शिट्ट्या मोज."

सगळे हसले. म्हणजे मी आणि अक्षय हसलो.

१४ फेब्रुवारी

माझा अध्याय उलटवला आहे.

सकाळी उघडून पाहतो तर बराक गायब. कोणी 'उलटी रेघ' नावाचा इसम नव्यानेच खातं काढून आला आणि सगळं जसं होतं तसं करून गेला. कारण लिहिलं आहे: 'आज्ञेचं नाव माहीत नसलेल्या माणसाला या क्रमाचा उपयोग नाही. चर्चापानावर पर्याय मांडला आहे, कृपया पाहावा.'

कृपया, म्हणे.

चर्चापानावर त्याचा पर्याय असा की आज्ञा कामाप्रमाणे लावाव्यात. 'मला नावं रकान्यांत बसवायची आहेत', 'मला चित्राभोवती मजकूर फिरवायचा आहे', 'माझं पान उगाच कोरं सुटतंय'. हे मॅन्युअल आहे की आकाशवाणीवरचा पत्रव्यवहार?

मी त्याचा बदल उलटवला. कारणाच्या जागी लिहिलं: 'संस्थापक.'

१७ फेब्रुवारी

त्याने पुन्हा उलटवलं. मी पुन्हा. हिलाल सरांनी आधी मला योग्य म्हटलं आणि मग चुकून त्यालाही.

हा रेघोट्या कोण असावा? भाषा स्वच्छ आहे, चिडत नाही, म्हणजे सरकारी खात्यातला असणार. वय पन्नासच्या पुढे. बहुधा पित्ताचा त्रास असावा.

२० फेब्रुवारी

घरात वेगळंच निघालं. दीप्तीला इच्छापोरच्या एका मशीन बनवणाऱ्या कारखान्यात अर्ज करायचा आहे. तिथे म्हणे कामगारांसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत, हिंदीत, गुजरातीत लिहायला माणूस हवा आहे. बीसीए झाली आहे, हुशारही आहे, पण इच्छापोर म्हणजे दोन बस बदलायच्या, हजीरा रोडचे ट्रक, धूळ. मी म्हटलं, घरात काय कमी आहे? दीप्ती ताटं उचलायला लागली. अक्षय मोबाइलमधून वर आला नाही. तो कडोदऱ्याच्या प्रोसेस हाउसात कापडाचे रंग मिसळून येतो आणि घरी आल्यावर कुठल्याच रंगात मिसळत नाही.

मीराबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना पोरले. इच्छापोरले काय वाघ खाई जाई का?"

मी विषय बदलला. रेघोट्याचं सांगितलं. मीराबाईंना अचानक खोकला आला आणि त्या पाणी प्यायला आत गेल्या. दीप्तीही मागोमाग पाठीवर थाप मारायला गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. काही वेळा तर हसल्यासारखा.

२४ फेब्रुवारी

एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली आहे. सकाळी चहा पिताना मी मुद्दा बोलून पक्का करतो आणि मग खोलीत जाऊन चर्चापानावर लिहायला बसतो. तोवर रेघोट्याचं उत्तर आधीच तिथे असतं. आज तर मी लिहायच्या आत त्याने लिहिलं: 'पार्सलला पाठवणाऱ्याचं नाव असतं. अडलेल्या माणसाकडे फक्त अडचण असते.'

पार्सलचा दृष्टांत मी फक्त स्वयंपाकघरात बोललो होतो. मीराबाई आणि दीप्ती सोडून तिथे कोणी नव्हतं. नंतर हिलाल सरांना फोनवर सांगितलं होतं हे मात्र खरं. तेव्हा हिलाल सर फुटले आहेत. दोन्हीकडे योग्य म्हणणारा माणूस दुसरं काय करणार?

२ मार्च, रविवार

आज विहारात शिबिर. जयंतीच्या स्मरणिकेची पानं या वर्षी आमचीच माणसं पानवेलवर लावणार, मॅन्युअल पाहून. ही कल्पना माझी. सगळ्यांसमोर माझा वर्णक्रम उजळून निघणार हीही कल्पना माझीच.

विहाराच्या सचिव मंगलाबाई, निवृत्त नर्स, त्यांना देणगीदारांची नावं तीन रकान्यांत हवी होती. मी म्हटलं, मॅन्युअल उघडा, प्रगत आज्ञा, शोधा. त्यांनी 'द' पाहिलं, देणगीदार म्हणून. मग 'न', नावं म्हणून. मग 'त', तीन म्हणून. मग चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "बैसाणे, पेशंट पोट दुखतंय म्हणून येतो. तुम्ही त्याला आजाराचं नाव विचारताय."

लोक हसले. विहारात इतकं हसू नये असं माझं मत आहे.

मागे बसलेल्या दीप्तीने, ती चहाची व्यवस्था पाहायला आली होती, मंगलाबाईंना म्हटलं, "मावशी, दुसरं एक पान आहे त्याच साइटवर. कच्चं आहे. बघा जरा." ते रेघोट्याचं कच्चं पान. मंगलाबाईंनी 'नावं रकान्यांत बसवायची आहेत' यावर बोट ठेवलं आणि नावं रकान्यांत बसली. इतकी शांत बसली की मला राग आला.

घरी येताना रिक्षात मीराबाई म्हणाल्या, "ज्याले नाव माहीत शे, त्याले पुस्तक कसाले लागस?"

मी रस्त्याकडे पाहत होतो. दीप्तीही दुसऱ्या बाजूच्या रस्त्याकडे पाहत होती.

दीप्तीला ते पान कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडला होता. मग लक्षात आलं की मीच घरात त्याची इतकी निंदा केली आहे की प्रसिद्धी झाली.

५ मार्च

विचारांती मी स्वतःच एका निष्कर्षावर आलो आहे की आज्ञा कामाप्रमाणे लावाव्यात आणि वर्णक्रमाची सूची शेवटी द्यावी. तसं चर्चापानावर मांडलं. रेघोट्याने लिहिलं, 'संस्थापकांची सूचना उत्तम आहे.' त्याला अक्कल येत चालली आहे.

लखनला मात्र आता कंठ फुटला. त्याचं म्हणणं, आज्ञा सॉफ्टवेअरच्या आतल्या फायलींप्रमाणे लावाव्यात, कारण 'तसंच आत आहे'. मी उत्तर दिलं की जेवणाच्या ताटात पदार्थ आतड्यांच्या क्रमाने वाढत नाहीत. रेघोट्याने त्याखाली लिहिलं: 'सहमत.' आम्हा दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. आतड्यांवर का होईना.

१२ मार्च

रेघोट्या गायब. दोन-तीन दिवस एक अक्षर नाही. मी मुद्दाम चिथावण्यासाठी 'तळटीप' पुन्हा प्रगतमध्ये टाकली. उत्तर नाही. करमत नाही.

घरही सुनं आहे. दीप्ती माहेरी कडोदऱ्याला चुलतबहिणीच्या लग्नाला गेली आहे. मीराबाईंना चहात आलं किती घालतात ते आठवत नाही, किंवा माझ्यासाठी आठवायचं नाही.

१५ मार्च

दीप्ती आली. घरात पुन्हा हालचाल. योगायोगाने रेघोट्याही दुपारी परतला आणि तळटीप बाहेर काढून ठेवली. कारण: 'जी गोष्ट पहिल्याच पुस्तकात लागते ती प्रगत कशी?' याचं उत्तर मी शोधतो आहे. असेल तर सापडेल.

१९ मार्च

निवृत्तीनंतरची सर्वांत चांगली दुपार.

मी आणि रेघोट्या, दोघंही एकाच वेळी पानावर. त्याने एक विभाग केला की मी त्यात आज्ञा ओतायच्या, मी चुकीची ओतली की त्याने उचलून पलीकडे ठेवायची, कारण लिहायचं. मीही लिहायचं. 'प्रगत' हा शब्दच आम्ही मोडीत काढायला निघालो. अर्ध्या आज्ञा प्रगत नव्हत्याच, नुसत्या लाजाळू होत्या. उरल्या त्या खऱ्या अवघड: स्वतःची नवी आज्ञा बनवणं, एका आज्ञेच्या पोटात दुसरी घालणं. त्यांच्यासाठी त्याने सुरुवातीला एक परिच्छेद लिहिला, इतका सोपा की मला आधी शंका आली की यात काहीतरी राहिलं असावं. दोनदा वाचला. राहिलं नव्हतं.

मीराबाई माझा चहा ठेवून दुसरा कप घेऊन जिन्याने वर गेल्या. मी विचारलं, वर कोण आहे? म्हणाल्या, "दीप्तीनं डोकं दुखी राहिनं."

बिचारी. मला आज कोणाचंही डोकं दुखू नये असं वाटत होतं.

१४ एप्रिल

जयंती. स्मरणिका छापून आली. मंगलाबाईंनी मंचावरून मॅन्युअल लिहिणाऱ्या सर्वांचे आभार मानले आणि माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. टाळ्या चालू असताना वाटलं, तो रेघोट्याही कुठेतरी बसलेला असायला हवा होता. बघितलं तर मागच्या रांगेत आमची दीप्तीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. सासऱ्याचा अभिमान असलेली सून आजकाल दुर्मीळ.

२१ एप्रिल

दीप्ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. इस्त्रीचा ड्रेस, फाइल, नवी चप्पल. मी म्हटलं, दाढ काढायला इतका थाट? म्हणाली, "पप्पा, नवीन डॉक्टर आहेत." परत आली तेव्हा चेहरा असा की दाढ नाही, लॉटरी निघाली असावी. भूल दिल्यावर होतं असं.

२८ एप्रिल

क्रमाने लिहितो.

दुपारी फोन. बाई गुजराती, बोलणं गोड. "हेमराजभाई, बे मिनिट वात थई शके?" नाव प्रिया, इच्छापोरच्या कारखान्यातून. त्यांच्याकडे माहितीपुस्तकं लिहिण्याच्या जागेसाठी कोणी अर्ज केला आहे, आणि कामाचा नमुना म्हणून पानवेलच्या मॅन्युअलमधला 'प्रगत आज्ञा' हा अध्याय दिला आहे. म्हणे, ही वस्तू तर अनेकांनी मिळून लिहिलेली असते, तेव्हा खात्री करायची आहे. मांडणी खरोखर 'उलटी रेघ' या व्यक्तीची आहे का?

म्हणजे रेघोट्या सुरतेत आहे. आणि नोकरी शोधतोय. पन्नाशीनंतर माणसाला हे दिवस यावेत.

मी म्हटलं, अध्याय माझ्या देखरेखीखाली झाला आहे. हे खोटं नाही. त्या म्हणाल्या, "हां, पण मांडणी कोणाची?"

माझी म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? हिलाल सरांनी तर योग्यच म्हटलं असतं. पण डोळ्यांसमोर मंगलाबाईंचं ते बोट आलं, कच्च्या पानावर ठेवलेलं.

म्हटलं, "मांडणी त्याची. मी वर्णक्रमाने लावलं होतं. ते चूक होतं."

त्यांनी विचारलं, संघात काम करायला माणूस कसा आहे? इथे मी खरं ते सांगितलं. "भांडखोर आहे. हट्टी आहे. संस्थापकालाही सोडत नाही. पण माझा एकही बदल त्याने कारण न लिहिता उलटवला नाही, आणि एकदाही माझा अपमान केला नाही. मी त्याचा बराच केला. तुम्ही घेतलं नाही तर तुमच्या कामगारांचं नुकसान आहे."

बाई हसल्या. म्हणाल्या, "बस, आटलुंज जोईतुं हतुं, एवढंच हवं होतं. तर मग दीप्तीबेनला पाच तारखेपासून बोलावतो."

फोन ठेवला.

सुरत मोठं शहर आहे. इथे दीप्ती नावाच्या पुष्कळ बायका असतील.

२८ एप्रिल, संध्याकाळ

दीप्तीने पेढे आणले. इच्छापोरला नोकरी लागली म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत होते. अक्षयने चक्क मोबाइल खाली ठेवला होता आणि म्हणाला, "पप्पा, ती जाणार आहे. मी हो म्हटलंय." लग्नानंतर त्याने माझ्यासमोर बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

मी पेढा घेतला. "दाढ बरी आहे का?" एवढंच विचारलं.

"बरी आहे, पप्पा."

मीराबाईंनी ताटाआडून विचारलं, "तुमले आते कळनं का?"

मी म्हटलं, कळायचं काय त्यात, आणि बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं.

३० एप्रिल

दोन दिवस चर्चापान पहिल्यापासून वाचतोय. 'पार्सल' स्वयंपाकघरात बोललो होतो. हिलाल सरांची मनातल्या मनात क्षमा मागितली. फोन करून मागितली असती तर तेही योग्यच म्हणाले असते.

एक गोष्ट मात्र टोचते. तिने जे लिहिलं ते सगळं मला तोंडावर सांगता आलं असतं. एकाच छताखाली राहतो आम्ही, मध्ये फक्त जिना. आणि ती ते सुरतेहून सर्व्हरला, सर्व्हरहून परत सुरतेला, असं जगाला वळसा घालून सांगत होती. का, हे मला समजत नाही. मी घरात कधी कोणाला बोलू नको म्हटलेलं नाही.

५ मे, सोमवार

दीप्तीचा पहिला दिवस. मी म्हटलं स्टॉपपर्यंत येतो, मला तसंही भाजी आणायची आहे. पिशवी घेतली. स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. बस दिसायला लागली तेव्हा ती एकदम म्हणाली, "पप्पा, तुम्ही काल धोक्याच्या आज्ञांचा वेगळा विभाग केलात ना, तो चुकीचा आहे."

पहिल्यांदाच. समोर उभं राहून, माझ्याकडे बघून.

"कसा काय चुकीचा?" मी म्हटलं. "सगळं पुस्तक बिघडवू शकतील अशा आज्ञा एका कपाटात कुलूप लावून ठेवाव्यात. औषधं ठेवतात तशा."

"विष कपाटात ठेवलंत आणि चिठ्ठीही कपाटातच ठेवलीत. बाटलीवर काय आहे?"

तेवढ्यात बस आली आणि ती चढली. आता हे असं अर्धवट सोडून कोणी जातं का? मीही चढलो.

पहिल्या बसमध्ये उभ्याने वाद झाला. तिचं म्हणणं, धोक्याची सूचना जिथे आज्ञा वापरायची तिथेच हवी, कारण शेवटचा विभाग कोणी वाचत नाही. माझं म्हणणं, न वाचणाऱ्यांसाठी आपण का लिहायचं? ती म्हणाली, "त्यांच्यासाठीच तर लिहायचं, पप्पा. वाचणारे वाचतीलच." शेजारच्या सीटवरचा एक साडीचे गठ्ठे घेतलेला माणूस तिच्या बाजूने मान हलवत होता. त्याला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या बसमध्ये जागा मिळाली. खिडकी तिला दिली. हजीरा रोडला ट्रक होते, धूळ होती, सगळं मी सांगितलं होतं तसंच. ती रुमाल बांधून बोलतच होती. बोलताना हात फार हलवते, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं घरात आहे.

मध्येच मी म्हटलं, "उलटी रेघ तू आहेस, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

ती खिडकीबाहेर बघू लागली. खांदे हलत होते. बस फार हलते त्या रस्त्याला.

कारखान्याच्या फाटकाशी ती पाया पडायला वाकू लागली. मी म्हटलं, उशीर होईल, जा. ती आत गेली. वॉचमनने मला विचारलं, "काका, किसको मिलना है?" मी म्हटलं, किसीको नहीं, भाजी लेने आया हूं. त्याने रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि फाटक लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये तिच्या मुद्द्यावर बिनतोड उत्तर सुचलं. सूचना दोन्हीकडे द्यायची, आणि शेवटच्या विभागातून प्रत्येक आज्ञेच्या जागेचा हवाला द्यायचा. घरी येऊन चर्चापान उघडलं, दोन ओळी टाइप केल्या आणि पुसल्या. हे तिथे लिहिण्यासारखं नाही.

मीराबाईंनी विचारलं, भाजी कुठे आहे? म्हटलं, संध्याकाळी आणतो. दीप्ती सहाच्या सुमाराला उतरेल. मी स्टॉपवर जाऊन थांबणार आहे.